नवीन फाइल डीडीएसने करायची की एसक्यूएलने? एएस/४०० वाले, जरा इकडे या

पाचोऱ्याचा_प्रोग्रामर | सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. मी पाचोऱ्याला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. क्लायंट अमेरिकेतला, औषधांचा घाऊक धंदा. मशीन आयबीएमचं, त्यावरच्या सिस्टिमचं आजचं नाव आयबीएम आय, पण आमच्यात अजून सगळे एएस/४००च म्हणतात.

गोदामातून निघालेल्या प्रत्येक खोक्याचा माग ठेवायला एक नवीन फाइल, आमच्या भाषेत पीएफ, करायची आहे. साधारण ४० फील्ड. रचना दोन तऱ्हांनी मांडता येते. डीडीएस, म्हणजे रकान्यांत लिहायची या मशीनची जुनी पद्धत. नाहीतर एसक्यूएल, म्हणजे सगळीकडे चालणारी डेटाबेसची भाषा, त्यात क्रिएट टेबल लिहितात. लीड सर म्हणाले, "डीडीएस लिही, कंपाइलचा १४ नंबर दाब, अर्ध्या तासात विषय संपला." टीममधली नवीन मुलगी म्हणाली, "सर, क्रिएट टेबल लिहा ना, डीडीएस कोण लिहितं आता?" मग दोघंही मी काय बोलतो याची वाट बघत बसले. मी म्हटलं, इकडे लाइट गेली, उद्या बोलू. लाइट होती.

दुसरं दुखणं जुनं आहे. आयटम मास्टरवर, म्हणजे मालाच्या मुख्य फाइलवर, १४ लॉजिकल फाइली (त्याच डेटाकडे वेगळ्या क्रमाने बघायच्या खिडक्या) आणि २०० च्या वर प्रोग्राम. क्लायंटला त्यात दोन फील्ड वाढवून हवेत. ती फाइल तशीच डीडीएसमध्ये ठेवून वाढवू, की याच निमित्ताने एसक्यूएलमध्ये नेऊ?

पुस्तकातलं उत्तर नको. स्वतःचे हात भाजलेत त्यांनी सांगा.

पांझराकाठ | सोमवार, रात्री १०:१५

धुळ्याचा. १९९१ पासून याच मशीनवर, आता निवृत्त. तेव्हा छापील कोडिंग शीट मिळायची. सहाव्या रकान्यात ए, सतराव्यात आर नाहीतर के, एकोणिसाव्यापासून फील्डचं नाव, पंचेचाळीसाव्यापासून कीवर्ड. पेन्सिलीने भरायचो. सातबारासारखं असतं ते. काय कुठल्या रकान्यात ते एकदा डोक्यात बसलं की नजर थेट तिथेच जाते, बाकीचं वाचावं लागत नाही.

तुमच्या लीड सरांचं चुकलं नाही. डीडीएसमध्ये फील्ड रेफरन्स फाइल असते. ग्राहक क्रमांक किती अंकी, हे एका जागी लिहून ठेवायचं आणि बाकी सगळ्या फाइली रेफफील्ड लावून तिथूनच घेतात. कॉलम हेडिंग, एडिट कोड (आकडा कसा दाखवायचा ते), मजकूर, सगळं सोबत येतं. स्क्रीन बनवताना तेच पुन्हा कामाला येतं. आमच्याकडे सबंध कारखान्याची शिस्त त्या एका फाइलवर उभी होती. क्रिएट टेबलमध्ये मात्र प्रत्येक पोरगा ग्राहक क्रमांक आपल्या मनाने टाकतो. एकाचा सात अंकी, दुसऱ्याचा नऊ, तिसऱ्याचा अक्षरांत.

वाट_बघतोय | सोमवार, रात्री १०:२२

शीर्षक न वाचताच आत आलो. खाली "पीएफ" दिसलं म्हणून थांबलो. माझा पीएफ आठ महिने अडकलाय, कुणाच्या ओळखीत आहे का?

पाचोऱ्याचा_प्रोग्रामर | सोमवार, रात्री १०:२४

@वाट_बघतोय भाऊ, हा पीएफ म्हणजे फिजिकल फाइल. हाही अडकतोच, पण सहसा रात्री दोनला.

सावद्याचा_कोडर | सोमवार, रात्री ११:०२

काकांचा मान ठेवून वेगळं बोलतो.

आधी एक गैरसमज काढू. दोन्ही रस्त्यांनी शेवटी एकच वस्तू तयार होते. मशीनला दोन्ही फाइलच दिसतात. डीडीएसच्या फाइलवर एसक्यूएल चालतं, आणि एसक्यूएलने केलेल्या टेबलावर आरपीजीतून, म्हणजे या मशीनच्या प्रोग्रामच्या भाषेतून, चेन, सेटएलएल, रीड अशा शोधायच्या-वाचायच्या आज्ञा सगळ्या चालतात. प्रोग्रामरला फार काही नवं शिकावं लागत नाही.

फरक आत आहे. डेटा तपासला कधी जातो, हा तो फरक. डीडीएसची फाइल लिहिताना फारसं विचारत नाही, वाचताना विचारते. एसक्यूएलचं टेबल लिहितानाच दारात अडवतं. आमच्याकडे एका जुन्या फाइलीत रकमेच्या पॅक्ड (फक्त आकड्यांच्या) फील्डमध्ये कोरी जागा भरली गेली होती. कधीतरी कुणीतरी नो-चेक लावून, म्हणजे तपासणी बंद ठेवून, कॉपी मारली असणार. रेकॉर्ड पडून राहिले, कुणाला पत्ता नाही. महिनाअखेरीला बेरजेच्या प्रोग्रामने वाचलं आणि तिथेच डेसिमल डेटा एरर. मालकाचा फोन माझ्या बायकोच्या मोबाइलवर, कारण माझा बंद. भरलं कुणी, कधी, कशातून, आजवर कळलं नाही. तीच फाइल एसक्यूएलची असती तर ज्या मिनिटाला कॉपी मारली त्याच मिनिटाला भांडण झालं असतं, आणि ज्याने मारली त्याच्याशी झालं असतं.

पांझराकाठ | सोमवार, रात्री ११:३०

@सावद्याचा_कोडर घाण नो-चेकने घातली आणि फाशी डीडीएसला? गव्हात खडे निघाले की गिरणीला शिव्या द्यायच्या का? आणि कन्स्ट्रेंट, ट्रिगर अशा तपासण्या डीडीएसच्या फाइललाही लावता येतात. लावले नाहीत तो आळस आपला.

सावद्याचा_कोडर | सोमवार, रात्री ११:४१

कन्स्ट्रेंट लावता येतात, हे कबूल काका. पण ३० वर्षांत लावले किती जणांनी? मी तीन कंपन्या पाहिल्या, एकीतही नव्हते. जी तपासणी कुणी न सांगता आपोआप होते तीच खरी. गिरणीवाल्याने आधी चाळणी फिरवली तर आपण त्याच गिरणीत जातो ना?

जंक्शन | मंगळवार, सकाळी ७:१०

भुसावळ. वर "रात्री दोनला" वाचलं आणि जुनी जखम उघडली.

सीआरटीपीएफला (डीडीएसची फाइल बनवायची कमांड) आकार सांगितला नाही तर तो १०,००० रेकॉर्ड धरतो, वर हजार-हजारची वाढ तीन वेळा. म्हणजे १३,०००. चौदाव्या हजारातला पहिला रेकॉर्ड आला की काम थांबतं आणि ऑपरेटरच्या रांगेत संदेश पडतो, मेंबर (फाइलीतला डेटाचा कप्पा) भरला. सीपीए५३०५, हा नंबर मी मरताना पण सांगेन. उत्तर द्यायचं, आय म्हणजे वाढव, सी म्हणजे काम रद्द.

माझी फाइल, मी बनवलेली, आकार द्यायचा मी विसरलेलो. टेस्टला दोनशे रेकॉर्ड होते, सगळं गोड. दिवाळीच्या आठवड्यात रात्रीची बॅच रात्री १२:४० ला थांबली. उत्तर द्यायला माणूस नाही. मागे सगळ्या बॅचा उभ्या, आउटरला गाड्या खोळंबतात तशा. सकाळी सहाला ऑपरेटर आला, चहा घेतला, मग रांग बघितली. त्याने आय दाबला. पुढची हजाराची वाढ अकरा मिनिटांत संपली आणि पुन्हा तेच. त्याने मला फोन केला तेव्हा तो सातव्यांदा आय दाबत होता. म्हणाला, साहेब, एका बोटाने किती दाबू?

एसक्यूएलने टेबल केलं की आकार नो-मॅक्स असतो, मर्यादाच नाही. हे दुखणंच नाही. माझं मत तिथेच पडलं.

गिरणाखोरं | मंगळवार, सकाळी ८:३५

@जंक्शन आणि नो-मॅक्सची दुसरी बाजू मी बघितली आहे. एका पोराचा लूप बाहेरच पडेना. टेबलाला मर्यादा नाही, लिहितंय, लिहितंय, लिहितंय. डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. डीडीएसची फाइल असती तर तेराव्या हजाराला थांबून तिने हाक मारली असती.

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ८:५०

@गिरणाखोरं हेच म्हणतोय मी. घरात एक तरी विचारणारं म्हातारं माणूस लागतं.

जंक्शन | मंगळवार, सकाळी ९:०५

विचारावं काका, जरूर विचारावं. पण रात्री १२:४० ला नाही.

कळण्याची_भाकरी | मंगळवार, दुपारी १:२०

लंच टाइममध्ये लिहितेय, लांब होणार.

वरच्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि माझे हात तिथेच भाजलेत. पुसलेल्या रेकॉर्डची जागा. डीडीएसने केलेली फाइल, वेगळं काही सांगितलं नाही तर, पुसलेली जागा तशीच मोकळी ठेवते. नवीन रेकॉर्ड कायम शेवटी जातो. एसक्यूएलचं टेबल ती जागा पुन्हा वापरतं. ऐकायला टेबलच शहाणं वाटतं. जागा वाचते, फाइल वारंवार रिऑर्गनाइझ करून मोकळ्या जागा काढाव्या लागत नाहीत.

आता बघा काय झालं. आमच्याकडे गाड्यांच्या वजनाची एक फाइल होती. वजनकाट्यावर आत येतानाचं वजन, बाहेर जातानाचं वजन. मी हौसेने ती एसक्यूएलमध्ये नेली. सगळं टेस्ट केलं, रकमा जुळल्या, सही झाली. चौथ्या दिवशी गेटवरून फोन. काट्याच्या स्क्रीनवर "शेवटची गाडी" म्हणून सकाळी गेलेली गाडी दिसतेय, समोर वेगळीच उभी. शोधत गेले तर १९९० च्या दशकातला एक प्रोग्राम सापडला. तो की (क्रम लावणारं फील्ड) न लावता, आगमनाच्या क्रमाने फाइल वाचायचा आणि सर्वात शेवटचा रेकॉर्ड म्हणजे सर्वात नवा, असं धरून चालायचा. २० वर्षं ते खरंच होतं. मी जागा पुन्हा वापरायला लावली आणि नवा रेकॉर्ड मधल्याच खड्ड्यात जाऊन बसायला लागला.

चूक टेबलाची नव्हती. क्रम हवा असेल तर तो फील्डमध्ये असायला हवा, टाइमस्टॅम्प नाहीतर आयडेंटिटी कॉलम (आपोआप वाढणारा नंबर). लिहिणाऱ्याने तो जमिनीवर सोडला होता. पण गेटवर गाड्यांची रांग लागलेली असताना हे कुणाला सांगणार? तो प्रोग्राम सुधारला आणि मग अख्ख्या लायब्ररीत असे की न लावता वाचणारे किती आहेत ते शोधत बसले. नऊ निघाले.

पाचोरेकर भाऊ, आयटम मास्टर हलवायच्या आधी हे शोधाच.

अमळनेरी_आंडोर | मंगळवार, दुपारी १:४५

भाऊ, माले तं यातलं काहीच समजनं नही, पन वाचाले मजा ई राह्यनी. ताईंनी आयडी वाची आनी भूक लागनी.

बामणोदचं_वांगं | मंगळवार, दुपारी २:०३

कळण्याच्या भाकरीसोबत भरीत लागतं, आणि भरीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं लागतं. गॅसवर भाजून भरीत म्हणणाऱ्यांचं मी तोंड बघत नाही.

शिरपूरची_पोर | मंगळवार, दुपारी २:१०

@बामणोदचं_वांगं पुण्यात दुसऱ्या मजल्यावर कपाशीच्या काड्या पेटवून दाखवा, मग बोलू. सोसायटीवाले येतील आणि त्यांच्यामागे बंब.

बामणोदचं_वांगं | मंगळवार, दुपारी २:१४

म्हणून तर गावाकडे राहतो.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी २:३०

घ्या. डीडीएस काड्यांवरचं, एसक्यूएल गॅसवरचं. धागा बंद करा.

पथारीवाला | मंगळवार, रात्री ९:२५

नंदुरबार. आमच्याकडे मिरची पथारीवर वाळत घालतात, मी डेटाबेस वाळत घालतो. तीन मुद्दे, मग आयटम मास्टरचं.

इंडेक्स, म्हणजे रेकॉर्ड चटकन शोधायची सूची. डीडीएसच्या लॉजिकल फाइलची की सहसा ८ के (किलोबाइट) च्या पानांत बसते, एसक्यूएल इंडेक्स ६४ के च्या. मोठी चाळणी, मोठे रिपोर्ट यांना मोठं पान फायद्याचं, एका खेपेत जास्त नोंदी हाताशी येतात. गंमत अशी की दोन्हींचा संसार एकत्र होतो. आधी एसक्यूएल इंडेक्स केला आणि मग त्याच कीची लॉजिकल फाइल केली, तर लॉजिकल तो ६४ के वाला रस्ताच वापरते. क्रम उलटा केला तर हा फायदा हातचा जातो. एका रविवारी मी फक्त हे एवढंच केलं, आधी इंडेक्स, मग लॉजिकल पुन्हा. प्रोग्रामला हात लावला नाही आणि सोमवारी रिपोर्ट हलके झाले.

दुसरं, डीडीएस जिथे होतं तिथे थांबलं आहे. नवीन काही आलं की ते एसक्यूएलमध्ये येतं. आयडेंटिटी कॉलम, मोठे मजकूर आणि चित्रं ठेवायचे कॉलम, सिस्टिमच्या ७.२ पासून ओळीओळीला परवानगी, ७.३ पासून जुन्या नोंदींचा इतिहास आपोआप ठेवणारी टेबलं. यातलं काहीही पुढे लागणार असेल तर डीडीएसने केलेली फाइल तुम्ही पुन्हा उघडणारच आहात.

तिसरा मुद्दा काकांच्या बाजूचा. रेफरन्स फाइल एसक्यूएलमध्येही वापरता येते. क्रिएट टेबल ॲज, पुढे रेफरन्स फाइलीवरचं सिलेक्ट, शेवटी विथ नो डेटा. फील्डची लांबी आणि प्रकार तिथूनच येतात. एडिट कोडसाठी मात्र काकांना दुसरी सोय बघावी लागेल.

आता आयटम मास्टर. २०० प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायची गरज नाही, जरा डोकं लावलं तर. प्रोग्राम फाइल उघडताना फॉरमॅटची खूण तपासतो, तीच ती लेव्हल चेक. ती खूण फॉरमॅटच्या नावावरून आणि त्यातल्या फील्डवरून ठरते. मग असं करा. नव्या नावाने एसक्यूएल टेबल, जुने फील्ड जसेच्या तसे. डेटा हलवा. जुन्या आयटम मास्टरच्या नावाने आता एक लॉजिकल फाइल करा, जुनंच फॉरमॅट नाव, जुने फील्ड एकेक नाव घेऊन. खूण तीच राहते. प्रोग्रामला कळतच नाही की खालचं घर बदललं, दारावरची पाटी तीच. १४ लॉजिकल पण नव्या टेबलावर उभ्या करा. मग खुशाल दोन कॉलम वाढवा. जुनी मंडळी आपल्या जुन्या दारातून येत-जात राहतील.

पाचोऱ्याचा_प्रोग्रामर | मंगळवार, रात्री ९:५०

@पथारीवाला हे सोन्यासारखं आहे. यात कुठे पाय घसरतो?

पथारीवाला | मंगळवार, रात्री १०:१२

सीएल, म्हणजे मशीनच्या कमांड एकामागून एक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. जुन्या नावावर कुणी क्लिअर किंवा रिऑर्गनाइझ फिजिकल फाइल लावलं असेल तर ते आता पडणार, कारण त्या नावाची वस्तू आता लॉजिकल आहे. आधी सोर्समध्ये नाव शोधा. दोन शब्दांचा शोध, पण विसरला की रविवार गेला.

गिरणाखोरं | मंगळवार, रात्री १०:२०

आणि मेंबर बघा. डीडीएसच्या एका फाइलीत कितीतरी मेंबर राहतात. एका मित्राकडे दर महिन्याला एक मेंबर अशी व्यवस्था होती, १९९८ पासूनची. एसक्यूएल टेबलाला मेंबर एकच. एकाच लॉजिकलमध्ये हेडरचा आणि ओळींचा असे दोन वेगळे फॉरमॅट घालायची जी जुनी पद्धत, तिला एसक्यूएलमध्ये जोडच नाही. तिथे प्रोग्रामच नव्याने लिहायचा किंवा ती फाइल आहे तशी सोडायची. मित्राने सोडली.

शिरपूरची_पोर | मंगळवार, रात्री १०:४५

मला वाटतं धाग्यातली ती "नवीन मुलगी" मी असू शकते. मी नाही, पण माझ्यासारखीच.

तीन वर्षांपूर्वी लागले. कॉलेजात एसक्यूएल शिकले होते, डीडीएसचं नावही ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी समोर एसईयू, म्हणजे मशीनवरचा जुना एडिटर, उघडलं आणि सांगितलं, अठ्ठाविसाव्या रकान्यापुढे नाव गेलं तर चालणार नाही. मला वाटलं रॅगिंग चाललंय.

शिकले मी. वाईट नाही ते. पण एसईयूची समज सिस्टिमच्या ६.१ ला गोठली आहे, त्यानंतरचं काही लिहिलं की ते लाल करतं. क्रिएट टेबल साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवता येतं, गिटमध्ये जातं, कोणी काय बदललं ते ओळीओळीला दिसतं. शेजारी का बदललं तेही लिहिता येतं. आमच्याकडे डीडीएसचे सोर्स होते, पण त्यातला कुठला सोर्स चालू फाइलीचा, यावर दोन सीनियर दोन दिवस वाद घालत होते.

काका, ग्राहक क्रमांक सात अंकी की नऊ, हा तुमचा मुद्दा मात्र डोक्यात राहिला. आमच्याकडे खरंच तीन वेगवेगळे आहेत.

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

पोरी, बोललीस नीट. पण तुमची ती लांबलचक नावं! ग्राहकाला शेवटचा माल पाठवल्याची तारीख, हे सगळं एका कॉलमच्या नावात. मराठी शाळेतला निबंध.

शिरपूरची_पोर | मंगळवार, रात्री ११:१२

काका, तुमच्या फाइलीत त्याचं नाव काय होतं?

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ११:१५

सीएलएसडीटी.

शिरपूरची_पोर | मंगळवार, रात्री ११:१६

🙏

सावद्याचा_कोडर | मंगळवार, रात्री ११:२५

लांब नावावरून आठवलं, पाचोरेकर. दहा अक्षरांपेक्षा मोठं नाव दिलंत तर सोबत फॉर कॉलम लावून छोटं नाव स्वतः द्या. नाही दिलं तर मशीन स्वतः नाव ठेवतं, पहिली पाच अक्षरं आणि पुढे ००००१. आरपीजीत सहसा तेच नाव वापरावं लागतं. एका सहकाऱ्याच्या टेबलात सहा कॉलम असे बारशाविना राहिले होते, शेवटी १ ते ६. कोणता कुठला, त्याची त्याने भिंतीवर चिठ्ठी लावली होती.

नल पण, म्हणजे ज्यात काहीच किंमत नाही अशी जागा. क्रिएट टेबलमध्ये काही न सांगितलं तर कॉलमला नल चालतो. जुन्या आरपीजीला नल म्हणजे भूत. प्रत्येक कॉलमला नॉट नल विथ डिफॉल्ट लावा.

चाळीसगावकर | बुधवार, सकाळी ६:५०

इतिहासाची एक भर. १९७८ च्या सिस्टम/३८ मध्येच डेटाबेस मशीनच्या आत घडवलेला होता, वेगळा विकत घ्यायचा नव्हता. एएस/४०० जून १९८८ मध्ये आला तो हीच ठेवण घेऊन. एसक्यूएलचं पहिलं अमेरिकन प्रमाण १९८६ चं, म्हणजे सिस्टम/३८ नंतर आठ वर्षांनी. त्यामुळे काकांच्या पिढीला डीडीएस हीच डेटाबेसची भाषा, आणि एसक्यूएल हा वेगळे पैसे मोजून घ्यायचा पाहुणा. त्यांचा राग समजून घ्या.

पांझराकाठ | बुधवार, सकाळी ७:१५

राग कसला. आमच्या कारखान्याने त्या पाहुण्याचं लायसन्सच घेतलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, रिपोर्ट काढायचं ते क्वेरी नावाचं साधन आहे की, त्यात करा. १९९७ पर्यंत मी एसक्यूएल फक्त मासिकात वाचलं. नंतर हातात आलं तेव्हा हात रकान्यांना सवयलेले.

वाट_बघतोय | बुधवार, सकाळी १०:००

रोज येऊन बघतो. माझ्या पीएफचं कुणी काही बोलत नाही.

पाचोऱ्याचा_प्रोग्रामर | दहा दिवसांनी, शनिवार, रात्री ८:३०

मंडळी, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

नवीन फाइल एसक्यूएलने केली. अर्धा तास नाही, दीड दिवस लागला. पहिली ठेच, टेबलाचं नाव आणि रेकॉर्ड फॉरमॅटचं नाव एकच आलं आणि आरपीजी कंपायलर रुसला. आरसीडीएफएमटी लावून वेगळं नाव दिलं, मिटलं. दुसरी ठेच मोठी. टेस्ट लायब्ररीत इन्सर्ट मारला की एरर, एसक्यूएल७००८. दोन तास कॉलम बघत बसलो. कॉलमचा संबंधच नव्हता. आमची टेस्ट लायब्ररी जुन्या पद्धतीने बनवलेली, तिथे जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, आणि इन्सर्ट कमिटमेंट कंट्रोलखाली, म्हणजे बदल नंतर पक्का नाहीतर रद्द करायच्या सोयीखाली, चाललेला. त्याला जर्नल लागतं. क्रिएट स्कीमाने लायब्ररी केली असती तर जर्नल सोबतच आलं असतं. जर्नल सुरू केलं आणि चाललं. नल आणि फॉर कॉलम सावद्याच्या भाऊंमुळे आधीच लावलेले होते.

रेफरन्स फाइल वापरली, काका. पथारीवाल्यांनी सांगितलेल्या पद्धतीने, १७ फील्ड तिथूनच घेतले. ग्राहक क्रमांक सात अंकी.

आयटम मास्टरला अजून हात लावलेला नाही. आधी की न लावता वाचणारे प्रोग्राम शोधले, ताईंचं ऐकून. चार सापडले. एक लीड सरांनी २००३ साली लिहिलेला. क्लिअर फिजिकल फाइल लावणारे सीएल दोन. क्लायंटला सांगितलं, दोन फील्डसाठी तीन आठवडे. ते म्हणाले, गेल्या वेळी एक आठवडा लागला होता. मी म्हटलं, गेल्या वेळी आम्ही शोधलं नव्हतं.

कळण्याची_भाकरी | शनिवार, रात्री ८:५०

चारच? नशीबवान आहात. लीड सर काय म्हणाले?

पाचोऱ्याचा_प्रोग्रामर | शनिवार, रात्री ८:५८

प्रोग्राम उघडून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "तेव्हा घाई होती." आणि त्या नवीन मुलीला म्हणाले, तुझा क्रिएट टेबलचा नमुना मला पाठव. तिने पाठवला. त्यांनी प्रिंट काढली आणि कॉलमची नावं सरळ रेषेत आलेली नाहीत म्हणून लाल पेनने खुणा केल्या.

पांझराकाठ | शनिवार, रात्री ९:१०

माणूस आपला आहे. त्यांना सांगा, स्क्रीन आणि प्रिंटर फाइल अजून डीडीएसनेच होतात. पेन जपून ठेवा.

जंक्शन | शनिवार, रात्री ९:३०

आणि त्या ४० फील्डच्या टेबलाला रात्री कोणी आय दाबायला बसवू नका म्हणजे झालं.

वाट_बघतोय | रविवार, सकाळी ११:२०

माझा निघाला. सात अंकी नाही, पाच अंकीच आहे, पण निघाला. बामणोदचं वांगं कुठे मिळेल?